उड्या मारायच्या नसतील तर ट्विन-टिप स्की घेण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा: सुट्टीपुरतं स्कीइंग करता, मध्यम उतार आरामात जमतात, स्की-पार्कात (उड्या आणि कसरतींसाठी बांधलेल्या भागात) जाऊन उड्या मारण्याचा अजिबात विचार नाही. मग दोन्ही टोकं वर वळलेल्या स्की म्हणजे नुसती हौसच ना?

माझ्या मते नाही. या स्की उड्यांमुळे गाजल्या हे खरं. 1998 मध्ये सालोमन या कंपनीची 'टेनएटी' ही स्की आली. तिच्यामागे स्कीपटू माइक डग्लस आणि त्याचे कॅनडियन दोस्त होते. त्यांना स्नोबोर्डवाल्यांसारखं उलटं, म्हणजे पाठ उताराकडे करून, उतरायचं होतं, आणि स्कीचं सपाट शेपूट, म्हणजे मागचं टोक, उलटं जाताना बर्फात रुततं. पण शेपूट वर वळलं की सरळ उतरतानाही फरक पडतो, आणि तुमच्या कामाचा तोच आहे.

साध्या स्कीची मागची कड वळण संपेपर्यंत बर्फ सोडत नाही. वजन जरा मागे गेलं की ती तुम्हाला नको तिकडे ओढून नेते. ट्विन-टिपचं शेपूट सहसा मऊ असतं आणि पटकन सुटतं. घोटा थोडा वळवला की मागचा भाग बाजूला घसरतो आणि वेग तिथल्या तिथे मोडतो. उंचवट्यांच्या उतारावर किंवा झाडांमध्ये, जिथे पुढचं वळण दोन हातांवर असतं, तिथे हे फार सुखाचं.

उलटं उतरणंही करून बघाच, अगदी सौम्य उतारावर. गुडघे वाकवायचे, मान वळवून खांद्यावरून खाली बघायचं. पोटरीला बुटाची मागची बाजू लागते, ते आधी विचित्र वाटतं. मग पायांना कळतं की आपण एरवी निम्मा तोल बुटांवर सोडून देत होतो. फक्त एका बाजूचं दिसत नाही, आणि खालच्या माणसाला सांभाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याचीच असते. गर्दीत हा उद्योग नको.

आता तोटे. टणक, काचेसारख्या बर्फावर पकड कमी. भरधाव लांब वळणं घेणाऱ्याला ही स्की ढिली वाटेल; तुम्हाला तेच आवडत असेल तर सरळ कार्व्हिंग स्की (कडेवर घट्ट वळणं घेण्यासाठीची) घ्या. शेपटामागे बर्फाचा फवारा उडतो आणि मागचा मित्र वैतागतो, पण तो त्याचा प्रश्न.

घेताना 'ट्विन-टिप' या शब्दावर जाऊ नका. निव्वळ पार्कसाठीच्या जोडीवर बाईंडिंग (बूट स्कीला अडकवायची पकड) जवळजवळ मधोमध बसवतात. पुढे स्की कमी उरते आणि मऊ बर्फात टोक बुडतं. तुम्हाला मध्यापासून पाचेक सेंटिमीटर मागे बसवलेली बरी. स्कीच्या कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी 85 ते 95 मिलिमीटर बघा. दोन्ही टोकं बर्फाला टेकत नसल्यानं स्की आहे त्यापेक्षा आखूड वाटते, म्हणून नेहमीच्या मापापेक्षा पाचेक सेंटिमीटर लांब घेतली तरी चालते. आधी एक दिवस भाड्यानं घ्या, आणि तो दिवस टणक बर्फाचा असला तर उत्तम, कारण मऊ बर्फात सगळ्याच स्की गोड लागतात.

आणि घरात कुणी लहान स्की शिकत असेल तर त्याच्याकडे तोंड करून, हात पुढे धरून उलटं उतरता येतं. शिकवणारे बरेच जण या स्की त्यासाठीच वापरतात.