शंका-समाधान : अमेरिकेतील यादवी नेमकी कशासाठी?

प्रश्न : महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केले, त्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी युद्ध केले, असे आम्ही शिकलो. अलीकडे एका व्याख्यानात मात्र, ते युद्ध राज्यांचे हक्क आणि जकात यांवरून झाले, गुलामगिरी हे केवळ निमित्त होते, असे ऐकले. खरे काय समजावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : व्याख्यात्यांचा युक्तिवाद जुनाच आहे. हरलेल्या बाजूने, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांनी, युद्धानंतर तो हिरिरीने मांडला. पण फुटून निघताना त्याच मंडळींनी काय लिहून ठेवले, हे पाहिले की तो टिकत नाही. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले आणि चार दिवसांनी त्याने आपली कारणे जाहीर केली. त्यांतली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत. म्हणजे १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्याने केंद्राने घातलेली सक्ती ती राज्ये आपल्या हद्दीत जुमानत नव्हती, याचाच दक्षिणेला राग होता. राज्यांचे हक्क येथे कोणी बजावले असतील, तर ते उत्तरेने. जकातवाढीचा कायदा तर मार्च १८६१ मधला, आणि तोवर सात राज्ये बाहेर पडून चुकली होती.

गुलामगिरी दक्षिणेला इतकी प्रिय का, याचे उत्तर कापसात आहे. तेथील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी इतकी चिवट, की माणसाने दिवसभर हाताने सोलली तरी जेमतेम अर्धा किलो रुई हाती येई. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र केले आणि हे काम झपाट्याने होऊ लागले. वेचणी मात्र हातानेच राहिली, आणि ते हात गुलामांचे होते. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत ही पद्धत न्यायची की नाही, यावर १८२० पासून तडजोडी होत आणि मोडत आल्या. १८६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील उमेदवार अब्राहम लिंकन यांची भूमिका गुलामगिरी आहे तेथे राहू द्यावी, पण पसरू देऊ नये, एवढीच होती. तरीही ते निवडून येताच दक्षिणेचा धीर सुटला. पुढे १२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा डागल्या गेल्या, आणि फुटीर राज्यांची संख्या अकरावर गेली.

उत्तरेने गुलामांना सोडवण्यासाठी युद्ध केले का, हा आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, कारण उत्तर प्रथम लढली ती संघराज्य टिकवण्यासाठी. हे चित्र पालटवण्यात गुलामांचाच हात होता. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील तीन गुलाम रात्री होडी वल्हवत उत्तरेच्या ताब्यातील फोर्ट मन्रोला आले. त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि फरारी गुलामांच्या कायद्यावर बोट ठेवून त्यांना परत मागू लागला. किल्ल्याचे सेनापती बटलर मूळचे वकील. व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणवते, तेव्हा आमचा कायदा तिला लागू नाही, असे सांगून त्यांनी त्या तिघांना ‘शत्रूचा जप्त माल’ म्हणून ठेवून घेतले. हा शब्द ऐकायला हिणकस खरा, पण त्याच्या आडोशाला पुढे हजारो माणसे आली.

सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची चढाई तेथे अडली आणि पाच दिवसांनी लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीची पूर्वसूचना दिली. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा केवळ बंडखोर प्रदेशांपुरता होता, संघराज्यात राहिलेल्या चार गुलामधारक राज्यांना तो लागू नव्हता. पण त्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली आणि सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, यांना १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापले जात. हा भेद जून १८६४ मध्ये मिटला. गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग येथील जुलै १८६३ च्या विजयांनी पारडे फिरले होते; ९ एप्रिल १८६५ रोजी ली शरण आले. त्याच डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर बंद झाली. गंमत अशी, की केंटकी आणि डेलावेअर या संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या राज्यांनी ती दुरुस्ती फेटाळली होती.

प्रश्न : या युद्धाने आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असे म्हणतात. ते खरे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : होय. लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी अमेरिकी कापसावर चालत. तो अडला की ब्रिटन आपल्या बाजूने मध्ये पडेल, हा दक्षिणेचा हिशेब होता. तो चुकला, कारण मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर गुलामधारकांचा उघड पाठीराखा होणे ब्रिटनला जड गेले, आणि गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. मुंबईत पैसा इतका आला, की प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या भोवती समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले जाऊ लागले. १८६५ मध्ये लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाबरोबर ते शेअरही कोसळले.