कल्पना सुचलेली नाही, तरी शोधक व्हायचंय

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र मिळालं, आणि खाली बाबांनी जोडलेल्या दोन ओळीही वाचल्या. तू शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहेस. तुला नवीन वस्तू शोधून काढायच्या आहेत आणि त्यांचा उद्योग उभारायचा आहे. तुझे प्रश्न तीन. मोठमोठ्या उद्योजकांनी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, मग तू पदवीसाठी चार वर्षं कशाला घालवायची? घालवायचीच तर शाखा कुठली घ्यायची? आणि तुझी झोप उडवणारा तिसरा प्रश्न : आजवर एकही जबरदस्त कल्पना सुचलेली नाही, म्हणजे आपल्यात ते मुळातच नाही का? बाबांचं म्हणणं असं, ‘आधी पदवी, मग चांगली नोकरी. हे खूळ तिच्या डोक्यातून काढा.’

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचा उलगडा झाला की बाकीच्या दोन्हींचा गुंता बराच सुटेल.

तू धरून चालली आहेस की आधी कल्पना सुचते आणि मग माणूस कामाला लागतो. बहुतेक शोधांची हकिकत वाच, क्रम उलटा दिसेल. माणूस आधी कुठल्यातरी कामात गळ्यापर्यंत बुडालेला असतो, तिथली एक अडचण त्याला रोज छळते, आणि तिच्या मागे लागता लागता शोध हाती येतो. चेस्टर कार्लसनचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या तिन्ही प्रश्नांना त्यात काही ना काही सापडेल.

कार्लसननं १९३० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. मंदीचे दिवस होते, नोकऱ्या मिळत नव्हत्या. पुढे तो न्यूयॉर्कमधल्या एका विद्युत उपकरणांच्या कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे पेटंटच्या कागदांच्या प्रती सतत लागायच्या. मजकूर हातानं उतरवायचा किंवा पुन्हा टाइप करायचा, आकृत्यांचे फोटो काढून घ्यायचे. वेळ जायचा, पैसा जायचा. त्यात कार्लसनची नजर अधू आणि सांधे दुखरे. झटकन प्रत काढणारं यंत्र हवं, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. मग तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचू लागला. छायाचित्रणाच्या रसायनांवर बड्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आधीपासून काम करत असणार, तिथे आपला निभाव लागणार नाही, हा हिशेब त्यानं सुरुवातीलाच केला आणि वेगळी वाट धरली. काही पदार्थ उजेड पडल्यावर वीज वाहू देतात आणि अंधारात वाहू देत नाहीत, या गुणधर्माचा उपयोग करायचं ठरवलं. नोकरी चालूच होती, शिवाय रात्रीच्या वर्गात तो कायदा शिकत होता.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत, ऑटो कोर्नाई या मदतनिसाबरोबर, त्याचा प्रयोग साधला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला होता. खोली अंधारी करून तो थर कापडानं घासला, म्हणजे त्यावर विद्युतभार साठला. काचेच्या पट्टीवर शाईनं तारीख आणि जागेचं नाव लिहिलं होतं. ती पट्टी वर ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. जिथे उजेड पोचला तिथला भार निघून गेला, अक्षरांखालचा राहिला. वरून बारीक भुकटी भुरभुरली आणि फुंकर मारली. भुकटी फक्त अक्षरांना चिकटून राहिली. मेणकागद दाबून गरम केला, आणि प्रत कागदावर उतरली. आजची झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर याच तत्त्वावर चालतात.

पण ते यंत्र बाजारात यायला पुढची २१ वर्षं लागली, आणि माझ्या मते तू नीट वाचावंस ते हेच. वीसच्या वर कंपन्यांनी कार्लसनला नकार दिला. १९४४ साली अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं काम हाती घेतलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी गंधकाऐवजी सेलेनियम आणलं, भुकटी सुधारली. १९४७ मध्ये रॉचेस्टरची हॅलॉइड ही फोटोचा कागद बनवणारी कंपनी पुढे आली आणि तिनं आपला सगळा भरवसा या एका यंत्रावर टाकला. १९५९ साली तिचं झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आलं. यंत्र इतकं महाग होतं की विकत घ्यायला कुणी धजावलं नसतं, म्हणून कंपनीनं ते महिना ९५ डॉलर भाड्यानं दिलं, त्यात २,००० प्रती धरलेल्या, पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. माझ्या लेखी ही भाड्याची युक्ती सेलेनियमइतकीच महत्त्वाची आहे. ती सुचवणाऱ्याला व्यवहार कळत होता आणि गंधकाऐवजी सेलेनियम आणणाऱ्याला पदार्थांचे गुणधर्म. तू या साखळीत कुठे बसतेस? शोधक म्हणजे फक्त पहिला माणूस, असं मनात धरलंस तर बाकीच्या सगळ्या जागा तुला दिसणारच नाहीत, आणि कदाचित त्यातलीच एखादी तुझी असेल.

आता कॉलेज सोडण्याबद्दल. तू बिल गेट्सचं नाव घेतलं आहेस. त्यानं हार्वर्ड सोडलं हे खरं. पण १९६८ पासून, म्हणजे शाळेत असल्यापासून, तो संगणकावर बसत होता, जेव्हा बहुतेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही तो सहज मिळत नव्हता. १९७५ मध्ये आल्टेअर या छोट्या संगणकासाठी त्यानं आणि पॉल ॲलननं बेसिक या संगणकभाषेची आवृत्ती तयार करून दिली. म्हणजे तो बाहेर पडला तेव्हा कसब अंगात होतं, काम हातात होतं आणि गिऱ्हाईक समोर होतं. यातलं तुझ्याकडे आज काय आहे, ते प्रामाणिकपणे लिहून काढ. काहीच नसेल तर कॉलेज सोडून तू नेमकं करणार काय?

याच्या उलट होंडा कंपनीचा संस्थापक सोइचिरो होंडा. शिक्षण बेताचं, गॅरेजमध्ये उमेदवारी करून तयार झालेला मेकॅनिक. तिशीत, धंदा चालू असताना, त्यानं इंजिनाच्या पिस्टनच्या रिंग बनवायला घेतल्या आणि त्या काही केल्या जमेनात. धातुशास्त्राचं ज्ञान कमी पडतंय हे लक्षात आल्यावर तो हमामात्सुच्या तांत्रिक शाळेत जाऊन बसला, आपल्याहून कितीतरी लहान पोरांच्या शेजारी. नंतरही टोयोटाकडे तपासणीसाठी पाठवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या, तेव्हा त्यानं आणखी शिकून घेतलं. परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची त्याला फिकीर नव्हती, ज्ञानाची मात्र होती. तुझ्या बाबांना पदवीचा कागद दिसतो आणि तुला कॉलेजची चार वर्षं वाया गेलेली दिसतात. होंडानं दोन्हीकडे न बघता, आपल्याला काय येत नाही ते पाहिलं. माझा सल्ला स्पष्ट आहे : पदवी घे. चांगल्या कॉलेजात कार्यशाळा मिळते, मोजमापाची उपकरणं मिळतात, चुका दाखवणारे शिक्षक मिळतात, आणि पुढे भागीदार होऊ शकतील असे मित्र मिळतात. हे सगळं स्वतःच्या पैशानं उभं करायला गेलीस तर कितीतरी जड जाईल.

भागीदाराचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते. जेम्स वॉटकडे ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल दुरुस्तीला आलं. दर फेरीला सिलिंडर थंड करून पुन्हा तापवण्यात वाफ फुकट जाते, हे त्याला त्या वेळी दिसलं. १७६५ साली वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची तोड सुचली. पेटंट १७६९ चं, आणि खाणी-कारखान्यांत इंजिनं चालू झाली १७७६ मध्ये. मधल्या काळात पहिल्या भागीदाराचं दिवाळं निघालं आणि पोटासाठी वॉट कालव्यांची मोजणी करत होता. गाडं रुळावर आलं ते मॅथ्यू बोल्टन हा कारखानदार भेटल्यावर, आणि जॉन विल्किन्सनच्या यंत्रानं सिलिंडर आतून अचूक गोल कोरता यायला लागल्यावर. होंडालाही १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा मिळाला. पैसा आणि विक्री फुजिसावानं बघायची, यंत्रं होंडानं. १९७३ मध्ये दोघं एकदमच निवृत्त झाले. सगळं एकटीला यायला हवं, हे ओझं तू उगीच डोक्यावर घेतलं आहेस.

यानंतरचा परिच्छेद बाबांसाठी.

तुमची काळजी रास्त आहे. शोधकांच्या यादीत कर्जात बुडालेलेही आहेत. रबर टिकाऊ करायची पद्धत शोधणारा चार्ल्स गुडइयर कर्ज मागे ठेवूनच गेला. पण नोकरी आणि शोध यांच्यात वैर आहे असं समजू नका. स्टेफनी क्वोलेकला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९४६ मध्ये ती ड्यू पॉन्ट कंपनीत लागली ती वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे जमवायला, आणि त्या कामात अशी रमली की तिथेच राहिली. १९६५ मध्ये तिच्या हातून पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचं, एक द्रावण तयार झालं. ते नेहमीसारखं दाट आणि स्वच्छ व्हायला हवं होतं, झालं पातळ आणि गढूळ. धागा काढणाऱ्या तंत्रज्ञाला वाटलं, यातल्या कणांनी यंत्राची बारीक छिद्रं बुजतील. तो तयार होईना. क्वोलेकनं पिच्छा सोडला नाही. अखेर धागा निघाला तो तोपर्यंतच्या कुठल्याही धाग्याहून ताठ होता. तेच केव्हलार, वजनाच्या मानानं पोलादाच्या पाचपट मजबूत. गोळी अडवणाऱ्या जाकिटांपासून टायरांपर्यंत ते आज वापरात आहे. पगार, प्रयोगशाळा, सहकारी, सगळं नोकरीनं दिलं. मुलीनं अशी नोकरी धरली तर तुमचीही इच्छा पुरी होईल आणि तिचीही. फक्त ‘खूळ’ हा शब्द तेवढा मागे घ्या.

आता शाखा. तू पत्रात ओझरतं लिहिलं आहेस की बंद पडलेला पंखा उघडून कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, बदललास आणि तो चालू झाला. मला त्या ओळीनं जास्त सांगितलं. पुढचा प्रश्न स्वतःला विचार : कपॅसिटर नसताना पंखा सुरू का होत नाही, आणि हातानं पातं ढकललं तर तो त्याच दिशेला का फिरू लागतो? उत्तर असं, की एका वाइंडिंगमधल्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातल्या, विजेनं होणारं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होतं, फिरत नाही. कपॅसिटरमुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह वेळेत पुढे सरकतो आणि दोन्ही मिळून क्षेत्र फिरतं. दोन प्रवाहांनी फिरतं क्षेत्र तयार करायची ही कल्पना निकोला टेस्लानं १८८८ च्या पेटंटांत मांडली, आणि जॉर्ज वेस्टिंगहाउसनं तिचे हक्क घेऊन ती कारखान्यांपर्यंत नेली. हे वाचताना आणखी खोदावंसं वाटलं तर विद्युत अभियांत्रिकी घे. पात्याचा आकार, त्याचा आवाज, बेअरिंग यात मन गेलं तर यांत्रिकी. प्लॅस्टिक, धातू, रंग यांच्याबद्दल कुतूहल वाटलं तर रसायन किंवा मटेरियल सायन्स, म्हणजे पदार्थांच्या गुणधर्मांचं शास्त्र. आणि पंखा कुणाच्या हाताला कसा लागतो, कुठे अडचणीचा होतो हे आधी दिसत असेल, तर औद्योगिक डिझाइन. कुठली शाखा ‘चालते’ आहे यावर मात्र ठरवू नकोस. तू शिकून बाहेर पडेपर्यंत ते बदललेलं असेल.

या वर्षात अभ्यास सांभाळून दोनच गोष्टी कर. पहिली, वही ठेव. कुणाला काम करताना काय त्रास होतो ते लिही, उपाय लिहू नकोस. एकाच व्यवसायातली माणसं धर आणि त्यांच्याजवळ बसून बघ. माल्कम मॅक्लीन ट्रकवाला होता. बंदरात माल एकेक नग उचलून जहाजावर चढवताना ट्रक किती ताटकळतो हे त्यानं पाहिलं होतं, म्हणूनच एप्रिल १९५६ मध्ये ५८ कंटेनर घेऊन त्याचं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्या पेट्या एकमेकींवर घट्ट बसवायची रचना मात्र कीथ टँटलिंगर या इंजिनियरनं केली.

दुसरी, पेटंट वाचायची सवय लाव. जगभरातली लाखो पेटंटं इंटरनेटवर फुकट आहेत. घरातली एखादी साधी वस्तू घे, चेन, स्टेपलर, काहीही, आणि तिचं जुनं पेटंट शोध. आकृती आधी बघ, मग वर्णन, शेवटी ‘दावे’ हा भाग. कायद्यानं हक्क कशावर आहे ते तिथे लिहिलेलं असतं. भाषा पहिल्यांदा रुक्ष वाटेल. चिकाटीनं वाचलीस तर नंतर सरावाची होईल.

आणि एक सावधगिरी. उद्या खरंच काही नवीन बनवलंस तर अर्ज करण्याआधी त्याचा व्हिडिओ टाकू नकोस, स्पर्धेतही मांडू नकोस. बहुतेक देशांत आधी जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, आणि काही देश थोडी सवलत देत असले तरी तिच्यावर विसंबून राहू नये. वहीत तारखा घाल, आकृत्या जपून ठेव. सपाट तळाच्या कागदी पिशव्या बनवणारं यंत्र तयार करणाऱ्या मार्गारेट नाइटची कल्पना एका माणसानं पाहून आपल्या नावावर करायचा प्रयत्न केला. बाईला असलं यंत्र कळणारच नाही, असंही तो म्हणाला. तिनं आपली टिपणं, आकृत्या आणि साक्षीदार पुढे केले, आणि १८७१ मध्ये पेटंट तिलाच मिळालं.

प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी पंख्यावरचं तुझं उत्तर, चार शाखांपैकी मन कशात रमलं, आणि वहीतली पहिली काही पानं मला पाठव. कॉलेजांची यादी त्यावरून ठरवू, आणि त्या बोलण्यात बाबांनाही सोबत घे.

तुझी,
करिअर मार्गदर्शक