काजऱ्याचं बी घरी शुद्ध करून आजीला गुडघेदुखीवर देता येईल का?

कृपा करून देऊ नका. लांज्याच्या घरामागे काजऱ्याचं झाड आहे, आजीचे गुडघे धरलेत आणि बी गोमूत्रात भिजवून तुपात तळलं की विष निघून जातं असं ऐकलंय, असं तुम्ही लिहिलंय. सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं. मी सिंधुदुर्गात वैद्यकी करतो, काजऱ्याची म्हणजे कुचल्याची औषधं स्वतः वापरतो, म्हणूनच इतकं ठामपणे लिहितोय.

कुचला आयुर्वेदात उपविषांत मोजतात. त्याचं शोधन म्हणजे सात दिवस गोमूत्र, मग गाईच्या दुधात उकळणं, वरची साल सोलणं, दोन दलांमधला अंकुर काढणं आणि शेवटी गाईच्या तुपात परतणं. एवढं केल्यावरही त्यातलं स्ट्रिकनीन हे विष संपत नाही, फक्त कमी होतं. पुरतं संपलं तर औषधही उरणार नाही, कारण मज्जातंतूंवर काम करणारं मुख्य द्रव्य तेच. म्हणून खरी राखण मात्रेत आहे. शुद्ध कुचला 60 ते 125 मिलिग्रॅम देतात. अख्खं बी साधारण दीड ग्रॅमचं भरतं, म्हणजे मोठ्यात मोठ्या मात्रेच्याही बारापट! तुमच्या कढईतून निघालेल्या बीत किती विष उरलंय हे रंगावरून कळत नाही, आणि चव तर शेवटपर्यंत कडूच लागते.

मज्जारज्जूत ग्लायसीन नावाचं द्रव्य स्नायूंना आवर घालत असतं. स्ट्रिकनीन त्याचीच वाट अडवतं. मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताणते, आणि भांडं पडल्याच्या आवाजाने किंवा नुसत्या स्पर्शानेही झटके येतात. हे सगळं माणूस शुद्धीवर असताना. याला उतारा नाही, फक्त झटके थांबवत श्वास सांभाळता येतो.

काही जण म्हणतात, पिकलेला काजरा धनेश खातो, मग आपल्याला काय होतंय? धनेश गर खातो, बी न फोडता बाहेर टाकतो.

जाता जाता कळलावीचंही सांगतो. गौरीला वाहतो ती फुलं बिनधास्त वाहा, पण करांदे खणताना तिचा कंद हाताला लागला तर तो टोपलीत येऊ देऊ नका. त्यातलं कोल्चिसीन हे विष उकडूनही जात नाही.

आजीसाठी नोंदणीकृत वैद्याला भेटा. गरज वाटली तर ते विषतिंदुक वटी, म्हणजे शुद्ध कुचल्याच्या गोळ्या, देतील. 1940 च्या औषध कायद्याखालच्या नियमांत विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, कुचला त्यात आहे, त्यामुळे डबीवर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावाच लागतो. आजींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही वैद्यांना आधी सांगा. तोवर तिळाचं तेल कोमट करून लावा आणि निगडीच्या पाल्याचा शेक द्या. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या गुडघ्यांना त्याने बराच आराम पडतो.

बिया जमवून ठेवल्या असतील तर आजच खोल पुरून टाका. चपट्या, राखाडी, मऊ लव असलेल्या त्या चकत्या लहान मुलं खेळायला उचलतात. चुकून कुणाच्या पोटात गेल्याच तर ओकारी काढायला बसू नका, त्यानेही झटका येऊ शकतो. 108 ला फोन करा, माणसाला शांत, कमी उजेडात ठेवा आणि उरलेली बी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.