एका रात्री, सगळ्या खोप्यांत

"ताई, पोराला तीनदा औषध लावलं. दोन दिस बरं वाटतं, पुन्हा तेच. मोठा रोग तर नाही ना हा?"

उसाच्या हंगामात हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात, शिरोळ-हातकणंगल्याकडं फडांजवळ खोप्या उभ्या राहतात. विचारणारी बीडकडची, पंचविशीतली. एक हात पदराखालून काढीनाच. पोराच्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ, खाजवून सोललेलं. डॉक्टरांनी खरूज लिहिली होती.

"रात्री एका गोधडीत कितीजण?"

"आमी चौघं. जाऊ नि तिची पोरं पण त्याच खोपीत."

"आणि कुणाला खाजतं?"

बराच वेळ गप्प. मग पदराखालचा हात पुढं आला. पाचटानं कापल्याच्या रेघा, आणि त्यांच्यामधे तेच पुरळ. "उसाच्या पानांची कुसं लागली असतील म्हणून सोडलं." जावेला तर जांघेत होतं, ती लाजेनं कुणापाशी बोललीच नव्हती.

तोडणीवाल्यांची खरूज अशीच लपते. कुसांची खाज अंग धुतलं की उतरते, खरजेची रात्री अंथरुणात वाढते.

तिला दुसरंच बोचत होतं. पाण्याला गेली की बाया बाजूला सरकायच्या. "रोज साबण लावते हो पोराला." अशा बाईला स्वच्छतेचं व्याख्यान देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. खरजेचा बारीक किडा कातडीत बीळ करतो आणि अंगाला अंग लागून झोपलं की दुसऱ्याकडं जातो. पहिल्या लागणीत खाज सुटायलाच 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणून न खाजणाऱ्यानंही औषध लावायचं. तिनं मात्र एकट्या पोराला लावलेलं, तेही मेडिकलमधून आणलेली ट्यूब. तिच्यात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज दबते, किडा मरत नाही. मोठ्या रोगाचं म्हणाल, तर कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, तिथं स्पर्श कळत नाही. तोही औषधानं पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट.

हा किडा मारणारं परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, 8 ते 12 तास अंगावर ठेवायचं. ती म्हणाली, "पहाटं चारला कोयता घेऊन निघतो आमी. खाडा पडला तर पैसं कापत्यात."

खरी अडचण ही होती. मी मुकादमाला गाठलं. तो आधी टाळत होता, मग हळूच म्हणाला, "माझ्या पोरालाबी हाय." ठरलं: बाजाराची सुट्टी बुधवारी, म्हणून मंगळवारी रात्री सहाही खोप्यांतल्या सगळ्यांनी एकदम लावायचं. तान्ह्या बाळांना आणि पोटुशींना डॉक्टरांनी आधी तपासलं. कपडे गरम पाण्यातून काढून उन्हात टाकले, गोधड्या चार दिवस प्लास्टिकात बांधून ठेवल्या. थंडीचे दिवस, त्या रात्री जड गेल्या. आठवड्यानं पुन्हा एकदा मलम.

त्यानंतर ती आली, घाबरलेली. "अजून खाजतंय थोडं." किडा मेल्यावरही 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. नवा पुरळ नसेल तर लगेच पुन्हा लावू नका, म्हटलं. तिनं पोराला खिडकीशी नेलं आणि एकेक बेचकं उघडून पाहिलं. नवं काही नव्हतं.

जाताना दारातून म्हणाली, "ताई, पल्याडच्या टोळीचा बाजारबी बुधवारीच असतोय."