ग्रेट ओशन रोड: एका दिवसाची गाइडेड बस-सहल घ्यावी की गाडी भाड्याने घेऊन स्वतः जावं?

मेलबर्नमध्ये चारच दिवस आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ग्रेट ओशन रोडसाठी, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्यासाठी, सरळ सांगतो, बस घ्या.

मी दोन्ही करून बसलोय. पहिल्यांदा गाडी मीच चालवली. लॉर्न ते अपोलो बे हा पट्टा म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वळणावर वळण. मागून बायकोचं ‘अहो, बघा ना!’ चालू होतं आणि मी पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट बघत होतो. जाऊन-येऊन साधारण 500 किलोमीटर होतात. परतीचा निम्मा रस्ता अंधारात, डोळे ताणून काढला.

आता बस कोणती? लोक थांब्यांची यादी बघतात. ती सगळ्यांची जवळपास सारखीच असते. बघायची ती दिशा. नेहमीच्या सहली टॉर्कीहून किनाऱ्याने निघतात, ट्वेल्व्ह अपॉसल्सला (समुद्रात उभे असलेले चुनखडीचे उंच खांब) दुपारनंतर पोचतात आणि कोलॅकवरून आतल्या हमरस्त्याने परततात. काही सहली उलट्या फिरतात: सकाळीच आतल्या रस्त्याने थेट अपॉसल्स, मग निवांत किनाऱ्याने परत. दुसऱ्या खेपेला मी जूनमध्ये नेहमीच्या दिशेने गेलो आणि फसलो. तिथे जून म्हणजे ऐन हिवाळा, पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. आधीच्या थांब्यांवर रेंगाळण्यात वेळ गेला आणि ज्यासाठी गेलो त्या अपॉसल्सच्या वाट्याला वीस मिनिटं आली, तीही अंधुक उजेडात. डिसेंबर-जानेवारीत साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा कोणतीही दिशा चालेल. हिवाळ्यात जाणार असाल तर उलटीच घ्या.

जागा निवडता आली तर एक लक्षात ठेवा. नेहमीच्या दिशेने जाताना समुद्र डाव्या खिडकीत आणि उलट दिशेला उजव्या. बाबांना गाडी लागत असेल तर पुढची सीट मागा आणि गोळी वळणं सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्या, नंतर देऊन उपयोग नाही.

गाइडचं काय, असंही विचारलंय तुम्ही. आमचा गाइड बोलका निघाला, हे नशीब. ईस्टर्न व्ह्यूच्या लाकडी कमानीखाली त्याने सांगितलं की पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्याने हा रस्ता खोदला, मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. पण मला आठवतो तो लंडन ब्रिजचा किस्सा (लंडनमधला पूल नव्हे, याच किनाऱ्यावरचा एक कमानदार खडक). चुनखडीच्या कड्याला लाटा आधी गुहा पाडतात, गुहा आरपार गेली की कमान होते, कमानीचा माथा पडला की सुटा खांब उरतो. अपॉसल्स असेच झाले. (बारा ते कधीच नव्हते. 2005 मध्ये त्यातलाही एक कोसळला.) लंडन ब्रिजला दोन कमानी होत्या. जानेवारी 1990 मध्ये दोन पर्यटक चालत पार टोकाला गेले आणि त्यांच्या मागे किनाऱ्याकडची कमान पाण्यात गेली! त्यांना हेलिकॉप्टरने उचलून आणावं लागलं. ही गोष्ट त्या तुटक्या कड्यासमोर उभं राहून ऐकताना पोटात गोळा येतो.

आई-बाबांना गिब्सन स्टेप्सला खाली नेऊ नका, 86 पायऱ्या आहेत आणि चढून परत यायचं असतं. अपॉसल्सच्या मुख्य कठड्यापर्यंतची वाट सोपी आहे, रस्त्याखालच्या बोगद्यातून जाते. लॉक आर्ड गॉर्ज ही कड्यांमधली घळही वरून छान दिसते.

बुकिंग करण्याआधी एवढंच विचारा: अपॉसल्सला किती वाजता पोचणार आणि किती वेळ थांबणार? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी सहल बघा. आणि उन्हाळा असला तरी जाड जॅकेट घ्या. तिथला वारा थेट दक्षिण महासागरावरून येतो.