फॅशन म्हणजे शेवटी शिंपीकामच ना?

तुम्ही विचारलंय की बहीण यंदा बारावी आर्ट्स झाली, ६८ टक्के आहेत, नाशिक सोडायचं की नाही तेही ठरलेलं नाही, आणि डीएड, बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) की फॅशन डिझाइन यावर घरात रोज खल चाललाय. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंत: "वडील म्हणतात, फॅशन म्हणजे शेवटी शिंपीकामच. ते घरी बसूनही येतं, त्याला कॉलेज कशाला?" एरवी मी नुसती वाचून पुढे जाते. या वाक्यावर मात्र गप्प बसवेना.

मी शिंप्याची मुलगी आहे आणि डीएडही केलंय. तुमच्या घरातले दोन्ही पक्ष माझ्या एकटीच्या अंगात भांडतात.

अण्णांचं दुकान पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या अलीकडे. फक्त जेन्ट्स. शर्ट, पँट, सफारी. दिवाळीच्या महिनाभर आधी "ऑर्डर घेणे बंद" अशी पाटी लागायची. मी दहावीत जाईपर्यंत रेडीमेडनं ती पाटी लावायची वेळच ठेवली नाही. अण्णा हातशिलाई करत असायचे आणि मी समोरच्या स्टुलावर बसून गृहपाठ. सगळं बघून बघून डोळ्यांना पाठ.

मामा मुख्याध्यापक. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. २००४ साली मी बारावी झाले तेव्हा डीएडचा सुकाळ होता. जिकडेतिकडे डीएड कॉलेजं निघत होती. दोन वर्षं डीएड, तीन वर्षं तीन हजारांवर शिक्षणसेवक, मग कायम, असा सरळ हिशोब होता. स्थळं बघायला येणारे "मुलगी डीएड आहे का" हे आधी विचारायचे. मी म्हटलं, मला मुंबईला जाऊन कपड्यांचं शिकायचंय. मामा आईला म्हणाले, "घरात विहीर असताना टँकर कशाला मागवतेस? शिवायचं काय, ते तिला येतंच की." अण्णा काहीच बोलले नाहीत. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी फी भरली.

डीएड वाईट नव्हतं. पाठ टाचण, म्हणजे शिकवायच्या पाठाची आखणी, लिहून लिहून हात दुखायचा, पण सराव पाठाला पोरं समोर बसली की मला मजा यायची. २००६ ला बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्यांची ही रांग लागलेली. एका विनाअनुदानित शाळेत दीड हजारावर लागले, सही मात्र वेगळ्याच आकड्यापुढे करायची. २०१० ची शिक्षक भरतीची सीईटी दिली, थोडक्यात हुकली. पुढे भरतीच थंडावली. मामा म्हणायचे, धीर धर, निघेल. धीर धरत मी तिशीकडे निघाले.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

२०११ ला मामेबहिणीचं लग्न. मामांनी स्वतः येवल्याला जाऊन, विणकराला आगाऊ पैसे देऊन पैठणी विणून घेतली होती. काठावर पोपटांची रांग, तीही हातानं विणलेली. ब्लाउज कोण शिवणार? "आपली घरची आहे की," मामाच म्हणाले. मीही मिजाशीत हो म्हटलं. साधे सुती ब्लाउज मी शिवत होते, आईचे, शेजारणींचे, कागदी साचा ठेवून. त्यात काय एवढं?

काठ बाहीच्या टोकाला यायला हवा होता. कापड एका थरात पसरलं, साचा काठाला टेकवला, खडूनं आखलं, कापलं. मग साचा तसाच पुढे सरकवला आणि दुसरी बाही कापली. फार सुबक कापली गेली. रात्री साडेअकराला उजवी बाही लावून झाली. डावी लावायला घेतली तर बसेना. ओढली, टाके उसवले, परत लावली. मागून खेच आणि पुढे चुण्या. आधी वाटलं, मुंढाच (बाही जोडायची गोलाई) चुकला.

अण्णा उठून आले. लावलेली बाहीही त्यांनी उसवायला लावली, दोन्ही बाह्या काउंटरवर एकीवर एक ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. ते एवढंच म्हणाले, "दोन्ही उजव्या आहेत."

ज्यांना शिवण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहीची वरची गोलाई पुढून जास्त खोल कापतात, मागून कमी. म्हणून डावी-उजवी असते, चपलेसारखी. कापडाची घडी घालून दोन थर एकदम कापले की जोडी आपोआप निघते. अण्णा चाळीस वर्षं घडी घालूनच कापत होते आणि मी वीस वर्षं ती घडी बघत होते. ती का घालतात हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. काठामुळे मी घडी घातली नाही, तिथेच फसले. एका थरात कापायचं तर दुसऱ्या वेळी साचा पालथा घालायचा असतो, ही पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट आहे.

लग्नाला चार दिवस राहिलेले. तसंच कापड परत विणून घ्यायला महिना गेला असता. मी अण्णांना विचारलं, आता? ते म्हणाले, "काठाचं कापड मी कधी कापलंच नाही गं." रडू आलं ते हे ऐकून. घरची विहीर तिथे कोरडी निघाली.

सकाळी शेजारच्या काकू मला सातपूरला एका बाईंकडे घेऊन गेल्या. आयटीआयत ड्रेसमेकिंग शिकवून निवृत्त झालेल्या. बाईंनी बाही हातात घेतली, पालथी करून काठाच्या मागच्या बाजूवरून नख फिरवलं आणि विचारलं, "काठ हातानं विणलेला आहे ना?" मी हो म्हटलं. "मग रडतेस कशाला? एक पालथी लाव."

हातानं विणलेल्या नक्षीत रंगीत धागे एकमेकांत अडकवत जातात, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. सुलट-उलट सारखंच दिसतं. जॅकार्डवरचा, म्हणजे यंत्रानं नक्षी उठवलेला काठ असता तर मागे धागेच धागे असते आणि माझं काही खरं नव्हतं. बाईंनी बाही पालथी केली, ती डावी झाली. वर त्या म्हणाल्या, "आता पोपट बघ." दोन्ही हातांवरचे पोपट पुढे तोंड करून. मी आकार नीट कापला असता आणि कापड सुलटच लावलं असतं, तर एका हातावरचे पोपट पाठीकडे उडाले असते! एका सेकंदात त्यांनी माझ्या दोन चुका निस्तरल्या, त्यातली एक मला चूक म्हणून दिसलीही नव्हती.

पुढच्या वर्षी मी आयटीआयला ड्रेसमेकिंगला नाव घातलं. वर्षभराचा कोर्स, फी नावापुरती, बरोबरच्या पोरी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मामांनी सहा महिने नीट बोलणं टाकलं. डीएड झालेली पोरगी आयटीआयला, लोक काय म्हणतील!

तेव्हा तुमच्या वडिलांना सांगा: हो, फॅशन म्हणजे शेवटी शिंपीकाम आहे. आणि शिंपीकाम घरी बसून येत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं ऐकून ज्यांना कमीपणा वाटतो त्यांनी या वाटेला जाऊच नये. माझ्याकडे डिप्लोमावाल्या मुली कामाला येतात. फाइलमध्ये स्केचेस अशी सुंदर की फ्रेम करावीत, पण उरेब (तिरकं कापलेलं) कापड कसं ताणतं हे माहीत नाही, माया (शिलाईच्या आत ठेवायचं जादा कापड) किती सोडायची ते विचारावं लागतं. कॉलेज रोडवर काचेचं दार, एसी आणि रॅम्प शो बघून लाखांनी फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: पदवी कुठल्या विद्यापीठाची, मशीनवर आठवड्याला किती तास, आणि गेल्या वर्षीच्या मुली आज कुठे आहेत. उत्तर देताना गुळमुळीत बोलले तर चहा पिऊन निघा. खर्च झेपत असेल आणि तिच्या हातात चित्र असेल तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेची प्रवेश परीक्षा जरूर द्या. मुंबईचं केंद्र खारघरला आहे. चार वर्षांचं बीडिझाइन, आर्ट्सवाल्यांनाही चालतं. नाहीतर आधी आयटीआय. अर्ध्या जगात पैठणी मिरवणारं येवला आपल्या जिल्ह्यात, मालेगावचे यंत्रमाग आपल्या जिल्ह्यात, आणि आपण म्हणतो नाशकात कपड्यात काय ठेवलंय!

डीएडचं थोडक्यात. आता त्याला डीएलएड म्हणतात. नुसत्या पदविकेवर काही होत नाही. टीईटी ही पात्रता परीक्षा पास व्हा, मग टेट नावाची दुसरी, अभियोग्यतेची परीक्षा, मग पवित्र पोर्टल या सरकारच्या भरतीच्या वेबसाइटवर पसंतीक्रम भरून वाट बघा. मानधन मात्र सुधारलं, २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६ हजार. आणखी एक बरं झालं: ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला बीएडवाले चालणार नाहीत, त्यामुळे डीएलएडची थोडी किंमत वाढली. पण भरती केव्हा निघेल हे सरकारच्या मर्जीवर, आणि खासगी संस्थेत "बाकीचं नंतर बोलू" म्हणाले की बाकीचं म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांतले रोजंदारीवरचे शिक्षक आणि कर्मचारी आपल्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते ते पाहिलं असेलच. बहिणीला पोरांत रमायला आवडत असेल तर करावं. "सुरक्षित आहे" म्हणून करणार असेल तर अजिबात नको. सुरक्षित म्हणूनच मला घातलं होतं.

बीएसडब्ल्यूवाली माझी एक मैत्रीण आहे. तिचा सल्ला असा की नुसत्या बीएसडब्ल्यूवर थांबायचं नाही, एमएसडब्ल्यू धरूनच चालायचं, म्हणजे किमान पाच वर्षं. मग रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, बाल संरक्षण कक्ष, सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी किंवा सीएसआर (कंपनीच्या पैशातून चालणारं समाजकार्य), नाहीतर पेठ-सुरगाण्याकडच्या संस्था. बऱ्याच ठिकाणी अकरा महिन्यांचं कंत्राट असतं. ती सुरगाण्यात चार वर्षं होती, मुक्कामाची शेवटची एसटी चुकली की शाळेच्या ओट्यावर झोपायची, आणि अजून सांगते की तेच दिवस चांगले होते. बहीण पहिल्या क्षेत्रकार्यातच घरी येऊन रडली तर घाबरू नका, असंही तिनं सांगितलंय.

मी एकांगी लिहिलंय हे मला कळतं. माझ्याबरोबर डीएड केलेल्या दोघी जिल्हा परिषदेत कायम आहेत, घरं बांधली, सुखात आहेत. आणि शिवणात पाठ, मान, डोळे जातात, गिऱ्हाईक उधार ठेवतं, दिवाळी आणि लग्नसराईत झोप नसते. हेही बहिणीला सांगा. तिला स्वतःला काय आवडतं ते मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तेवढं तिला विचारा.

सध्या इंदिरानगरला माझं ब्लाउजचं काम चालतं, आणि दुपारी दोन ते चार शिवणक्लास, चौदा मुली. पहिल्याच दिवशी मी जुन्या वर्तमानपत्रातून दोन बाह्या कापायला लावते, घडी न घालता. बहुतेक जणींच्या दोन्ही उजव्या निघतात. रोजचं पाठ टाचण लिहायची सवय अजून सुटलेली नाही. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. मागच्या अक्षय्य तृतीयेला ते क्लासमध्ये येऊन बसले, फळ्यावरची बाहीची आकृती, हजेरीचं रजिस्टर, टाचणवही सगळं पाहिलं आणि जाताना म्हणाले, "म्हणजे शेवटी मास्तरीणच झालीस ना?" यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.