नाटकातल्या जुन्या नकली रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग मुंबईत कुठे मिळतील?

तुमच्या नाट्यसंस्थेकडे १८७३च्या कोल्टची स्पेनमध्ये बनलेली, बार न उडणारी प्रतिकृती आहे आणि घोडा ओढला तरी सिलिंडर फिरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी हौशी नाट्यसंस्थांच्या प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावरच्या सामानाची, डागडुजी करतो. तयार भाग शोधत बसू नका, तो करून घ्यावा लागतो.

आधी दोष नक्की करा. नळी जमिनीकडे धरून घोडा ओढा, मग छताकडे धरून. खाली धरल्यावर सिलिंडर फिरला आणि वर धरल्यावर अडला, तर त्याला ढकलणाऱ्या पंजाची स्प्रिंग गेली आहे. जुन्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये (दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये) अनेकदा हीच पातळ पट्टी तुटते.

ती घरीसुद्धा होते. घड्याळजीकडून गजराच्या घड्याळाची तुटकी स्प्रिंग मागून घ्या. तुटक्या पट्टीच्या मापाने कापा, पण तापवू नका. पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं की ती वाकलेलीच राहते. कडा पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेनेच घासा. आडवा ओरखडा राहिला की नेमकी तिथेच मोडते.

पंजाच तुटला असेल तर वेल्डिंग नको. या प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि तो ४०० अंशांच्या आतच वितळतो. तुटके तुकडे जपून ठेवा आणि ते नमुना म्हणून देऊन फिटरकडून पितळेचा पंजा करून घ्या. थोडा लांब ठेवायला सांगा, बसवून बघत बघत कानशीने कमी करता येतो. आखूड झाला तर वाया गेला.

स्क्रूसाठी नागदेवी स्ट्रीट. जुना स्क्रू बरोबर न्या. आटे मिलिमीटरचे असतात, इंची स्क्रू जोराने पिळला तर मऊ धातूतले आटेच जातात. चोरबाजारात मटन स्ट्रीटला चक्कर मारताना त्याच मॉडेलचा बंद पडलेला नग दिसला तर जरूर घ्या.

खऱ्या रिव्हॉल्व्हरचा भाग मात्र कोणी देऊ केला तरी घेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात. तालमीला नेताना बंद पेटीत, संस्थेच्या पत्रासह न्या. लोकलमध्ये पेटी उघडू नका, लोक घाबरतात आणि त्यांचं चुकत नाही.

पंजा काढलात की त्याचा आणि सिलिंडरमागच्या दातांचा जवळून फोटो टाका. दातच झिजले असतील तर नवा पंजा घालून उपयोग नाही, दुसऱ्या नगाचा सिलिंडरच लागेल.